बॉल स्क्रू बसवताना प्ले नेमका कुठे लपतो

टेबल उजवीकडे सरकवलं की डायलचा काटा सरकतो. तेच हँडव्हील उलट फिरवायला घेतलं की पाव फेरी नुसतीच जाते, काटा ढिम्म. छोट्या बेंच मिलवर, म्हणजे बाकावर मावणाऱ्या मिलिंग मशीनवर, काम करणाऱ्या प्रत्येकाच्या हे ओळखीचं आहे. हाताने काम करताना आपण ते सांभाळून घेतो. नेहमी एकाच बाजूने मापावर यायचं, म्हणजे ही मोकळी हालचाल, म्हणजेच प्ले, मोजणीत येत नाही. पण मशीनला मोटर लावून सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणारं, करायचं ठरवलं की ही युक्ती पुरत नाही. गोल कापताना टेबलाला चार ठिकाणी दिशा बदलावी लागते आणि चारही ठिकाणी तो प्ले जॉबवर उमटतो. म्हणून बॉल स्क्रू घ्यायचा.

मी कोल्हापुरात राहतो. घरामागच्या दहा बाय बाराच्या खोलीत माझं मिल आहे. माझ्या आणि ओळखीतल्यांच्या मशीनवर मी बॉल स्क्रू बसवले, उघडले, परत बसवले. "स्क्रूच खराब निघाला" म्हणून जे येतात त्यांच्यापैकी बहुतेकांचा स्क्रू चांगला असतो. प्ले असतो तो बेअरिंगमध्ये, नट धरणाऱ्या ब्रॅकेटमध्ये किंवा मोटर आणि स्क्रू जोडणाऱ्या कपलिंगमध्ये. तो शोधायच्या आधीच नट उघडला, तर चांगल्या नटाचे छर्रे जमिनीवर सांडतात आणि मूळ दुखणं तसंच राहतं. हे नुकसान टाळता येतं, म्हणून बसवणीइतकीच जागा मी प्ले शोधण्याला दिली आहे.

काय घ्यायचं

साध्या लीडस्क्रूमध्ये नट आणि स्क्रूचे आटे एकमेकांवर घासत सरकतात. बॉल स्क्रूमध्ये त्यांच्यामध्ये पोलादी छर्रे असतात. ते खाचेतून लोळत पुढे जातात आणि नटाच्या आतल्या वळणवाटेने परत मागे येतात. घर्षण इतकं कमी होतं की मोटरची सुमारे नव्वद टक्के ताकद टेबल ढकलायला मिळते. साध्या आट्यात निम्मीही मिळत नाही.

घरगुती कामात सर्वांत जास्त चालतो तो एसएफयू १६०५. म्हणजे स्क्रूचा व्यास १६ मिमी आणि एका फेरीत पुढे सरकणं, म्हणजे लीड, ५ मिमी. यातले छर्रे ३.१७५ मिमीचे, म्हणजे बरोबर एक सूत. नटाचं अंग २८ मिमी, फ्लँज, म्हणजे बोल्ट लावायची रुंद कड, ४८ मिमी. अगदी लहान मिलमध्ये टेबल आणि त्याच्या खालचा सरकता भाग, म्हणजे सॅडल, यांच्यामध्ये एवढा नट मावत नाही. तिथे १२०४ घ्यावा लागतो. त्याचं अंग विक्रेत्यानुसार २२ किंवा २४ मिमीचं येतं, तेव्हा ड्रॉइंग मागवून घ्या. १६१० चा मोह मिलसाठी नको. एका फेरीत १० मिमी सरकतो, त्यामुळे वेग दुप्पट पण जोर निम्मा. लोखंड कापायला जोर लागतो.

अचूकतेचा दर्जा सी७, सी५, सी३ असा लिहिलेला असतो. ३०० मिमी लांबीत सी७ ची चूक ५० मायक्रॉनपर्यंत, सी५ ची १८, सी३ ची ८. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बाजारातले स्वस्त रोल केलेले स्क्रू सी७ चे असतात आणि घरच्या मिलला ते पुरतात. हा आकडा पिचच्या चुकीचा आहे, म्हणजे स्क्रू ठरल्यापेक्षा किती कमीजास्त सरकवतो त्याचा; प्लेचा नाही. या दोन गोष्टींची गल्लत फार होते.

लांबी ठरवताना फक्त प्रवास मोजू नका. समजा टेबलाचा प्रवास ३०० मिमी आहे. नटाची लांबी साधारण ५०, आणि दोन्ही बाजूंना निदान १०-१० मिमी मोकळी जागा. म्हणजे आट्याचा भाग ३७० मिमी हवा. नट कधीही स्क्रूच्या टोकावर आपटता कामा नये.

मशीन उघडण्याआधी

नट धरणारा ब्रॅकेट, मोटरची प्लेट, सॅडलमधली जागा वाढवणं, या सगळ्या कामांना मिलच लागतं. म्हणून आधी नुसतं मोजून घ्या, ब्रॅकेट आणि प्लेटा बनवून ठेवा, आणि मगच मशीन खोला. सॅडल कोरायचा असेल तर ते काम बाहेरून करून घ्यावं लागेल. आमच्याकडे उद्यमनगरात कास्टिंगवर काम करणारी मंडळी आहेत, त्यांना सॅडल दिला तर तासाभराचं काम. तुमच्या गावात असा मिलिंगवाला आहे का, ते आधी पाहून ठेवा. खोललेलं मशीन महिनाभर पोत्याखाली पडलेलं मी पाहिलं आहे, आणि पावसाळ्यात तेवढ्यात बेडवर गंज धरतो.

आणखी एक काम आत्ताच करा. जुन्या स्क्रूवर आहे तो प्ले मोजा आणि वहीत लिहा. गिब (सरकत्या भागातली फट आवळणारी पट्टी) आवळलेली असताना किती आणि ढिली असताना किती, दोन्ही. पुढे तुलनेला हेच आकडे लागतात.

टोकं टर्न करून घेणं

स्क्रू दोन बाजूंना टेकतो. मोटरकडच्या बाजूला बीके१२ हा पक्का ब्लॉक, ज्यात दोन अँग्युलर बेअरिंग असतात. दुसऱ्या बाजूला बीएफ१२, त्यात १० मिमी भोकाचं एकच साधं बेअरिंग, नुसता आधार द्यायला. टोकं तयार करून मागवता येत असतील तर तसंच मागवा. न केलेली कांडी स्वस्त पडते, पण तिचा पृष्ठभाग कडक केलेला असतो. साधं एचएसएस (हाय स्पीड स्टीलचं) टूल त्यावर नुसतं घसरतं. टर्नरला आधीच सांगा की वरचा कडक थर कार्बाइडने काढावा लागेल. थर संपला की आतलं पोलाद नेहमीसारखं कापलं जातं.

बीके१२ साठी बेअरिंगची जागा १२ मिमी, पुढे लॉकनटसाठी एम१२ बाय १ चा आटा आणि त्याच्यापुढे कपलिंगसाठी १० मिमी. बेअरिंग हाताच्या दाबाने सरकत जावं, ठोकावं लागू नये आणि डुगडुगूही नये. बेअरिंग ज्या खांद्यावर टेकतं तो खांदा स्क्रूच्या मध्यरेषेला काटकोनात हवा, नाहीतर लॉकनट आवळताना टोक किंचित वाकतं. टर्नरकडून स्क्रू घेताना तिथेच वी ब्लॉकवर ठेवून फिरवा आणि १० मिमीच्या टोकावर डायल लावा. काटा ०.०२ च्या आत डोलला तर उत्तम. ०.१ डोलत असेल तर परत करा. घरी आणून "बसवल्यावर सरळ होईल" असं होत नाही.

लेथवर देताना नट स्क्रूवर ठेवू नका. ठेवावाच लागला तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून दोन्ही बाजूंनी टेप लावा. ग्राइंडिंगची धूळ एकदा नटात गेली की तो कायमचा खरखरतो.

नट स्क्रूवर चढवणं

इथे घाई केलेली महागात पडते. नट आपल्याकडे प्लास्टिकच्या किंवा कागदी नळीवर येतो. ती नळी आतल्या छर्‍यांना जागेवर धरून असते. ती काढून नट हातात घेतला की छर्रे सुटलेच म्हणून समजा.

नळी स्क्रूच्या टोकावर चढवा आणि तिचं तोंड आट्याच्या सुरुवातीला घट्ट टेकवा. मध्ये फट राहिली तर पहिला छर्रा तिथेच पडतो. बेअरिंगसाठी टोक १२ मिमीचं केलेलं असतं आणि आट्याचा तळ त्याहून जेमतेम मिमीभर जाड, म्हणून नळीची भिंत अगदी पातळ लागते. नळी ढिली बसत असेल तर टोकावर कागदाची पट्टी घट्ट गुंडाळून जाडी भरून काढा. मग नट हलक्या हाताने आट्याकडे ढकला आणि फिरवा. सुरुवातीला आटा पकडताना किंचित अडल्यासारखं वाटतं, पुढे नट लोण्यासारखा जातो. अडला तर जोर लावू नका. मागे घ्या, नळी पुन्हा टेकवा.

माझा पहिला नट माझ्या हातून सुटला होता. तोंड खाली होतं, आणि टपटप आवाज करत छर्रे फरशीवर पसरले. फरशीचा उतार मोरीकडे, त्यामुळे काही तिकडे निघाले. चुंबक फडक्यात गुंडाळून सगळी खोली पालथी घातली, तरी दोन कमी भरले. तेव्हापासून हे काम मी कडा असलेल्या ताटात, खाली सुती फडकं अंथरूनच करतो. तुम्हीही तसंच करा.

नट कोणत्या तोंडाने चढवायचा, म्हणजे फ्लँज मोटरकडे की उलट बाजूला, हे आधी ब्रॅकेटवरून ठरवा. फ्लँजवर वंगणाचं भोक असतं, ते शेवटी हात पोचेल अशा जागी आलं पाहिजे. चढवून झाला की नटाच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकची पट्टी बांधा, म्हणजे कांडी तिरपी झाली तरी तो घसरून पडणार नाही. हा स्क्रू इतका हलका फिरतो की उभा धरला तर नट स्वतःच्या वजनाने खाली येतो.

बीके ब्लॉक तपासून घ्या

नवा ब्लॉक पेटीतून काढून सरळ बसवू नका, उघडून पाहा. अँग्युलर बेअरिंग एकाच दिशेचा जोर पेलतं, म्हणून ती दोन लागतात आणि एकमेकांच्या उलट तोंडाने बसवावी लागतात. बाहेरच्या रिंगची एक कड रुंद असते, एक अरुंद. दोन्ही बेअरिंगची रुंद कड एकाच दिशेला असेल तर जोडणी चुकली आहे. अशा ब्लॉकमध्ये लॉकनट कितीही आवळा, एका दिशेला प्ले राहणारच. स्वस्त ब्लॉकमध्ये कधीकधी दोन साधी बेअरिंगच घातलेली असतात. मग मुंबईत नागदेवीला किंवा आपल्या गावच्या बेअरिंगवाल्याकडे जाऊन ७००१ ची जोडी आणावी लागते.

लॉकनट आवळताना हाताचा अंदाज वापरायचा. स्क्रू बोटांनी फिरवत फिरवत हळूहळू आवळा. आधी तो मोकळा गरगरतो, मग एका टप्प्यावर किंचित जड होतो, जणू घट्ट ग्रीसमध्ये फिरतो आहे. तिथे थांबा. फिरवताना दाणे जाणवले तर जास्त झालं. लॉकनटचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा लहान स्क्रू) थेट आट्यावर दाबला जातो आणि आटा चेपतो. त्याच्याखाली पितळेचा लहानसा तुकडा टाका, म्हणजे पकड राहते आणि पुढे नट सुटायलाही त्रास होत नाही.

बसवण्याचा क्रम

सगळे बोल्ट एकदम आवळून टाकायचे नाहीत. एक्स अक्षासाठी मी टेबल उलटं करून बाकावर ठेवतो. त्याच्या डोव्हटेलमध्ये, म्हणजे तिरक्या कडांच्या खाचेत, घट्ट सरकणारा सरळ ठोकळा बसवतो आणि त्यावर मॅग्नेटिक बेस. डायलला रुंद सपाट टोक लावायचं, कारण टोकदार टोक आट्याच्या खाचेत पडून काटा नाचत राहतो. मग ठोकळा सरकवत स्क्रूच्या दोन्ही टोकांजवळ वरून आणि बाजूने मोजायचं. वरून फरक आला तर ब्लॉकखाली शिम, म्हणजे पातळ पत्रा, घालून; बाजूने आला तर ब्लॉक हलवून. दोन टोकांत ०.०३ च्या आत आणलंत की पुष्कळ झालं.

शिमसाठी पितळी पट्टी मिळाली तर छान. नाही मिळाली तर थंड पेयाच्या कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो, कैचीने कापला जातो. ब्लॉक आणि नटाचा ब्रॅकेट यांची उंची सारखी असेल असं गृहीत धरू नका. माझ्याकडच्या जोडीत ब्लॉकचं केंद्र २५ मिमीवर होतं आणि ब्रॅकेटचं २० वर. मध्ये ५ मिमीची प्लेट घालावी लागली.

बीके आधी पक्का करा. बीएफ शेवटपर्यंत किंचित ढिला. नट ब्रॅकेटला धरणारे बोल्ट हातानेच लावलेले. आता टेबल जागेवर चढवा आणि नट बीकेजवळ आणून त्याचे बोल्ट आवळा. टेबल पूर्ण दुसऱ्या टोकाला न्या आणि तिथे बीएफ आवळा. पुन्हा बीकेकडे या, नटावर डायल लावा आणि नटाचे बोल्ट सैल करा. बोल्ट सुटताना काटा उडी मारतो. ती उडी म्हणजे तुमच्या अलाइनमेंटची चूक, थेट आकड्यात. वर उडी मारली की खाली, हे पाहून ब्रॅकेटखाली शिम घाला किंवा काढा आणि उडी ०.०२ च्या आत येईपर्यंत हेच करत राहा. कंटाळा येतो. माझा पहिल्या वेळी अख्खा रविवार यात गेला. पण यातच मशीनचं आयुष्य आहे, कारण तिरपा बसलेला नट छर्रे एका बाजूने खातो आणि वर्षभरात प्ले परत येतो.

बीएफमधलं बेअरिंग घरात किंचित मागेपुढे सरकायला मोकळं असतं, त्याला जाम करू नका. स्क्रू चालून गरम होतो आणि लांब होतो. अर्धा मीटर पोलाद दहा अंशांनी तापलं की सुमारे ०.०६ मिमी वाढतं. ती वाढ जायला जागा हवी. वाय अक्षाचा स्क्रू आखूड असतो, तिथे नुसता बीके लावून दुसरं टोक मोकळं सोडलं तरी चालतं.

कपलिंग आवळपट्टीचं घ्या, ज्यात फटीचे दोन काठ बोल्टने जवळ येतात. नुसत्या ग्रब स्क्रूवाल्याचा स्क्रू ढिला होतोच. स्प्रिंगसारखी खाच कापलेलं ॲल्युमिनियमचं कपलिंग दिसायला छान असतं, पण दिशा बदलताना ते आधी पिळलं जातं आणि मग फिरवतं. मिलसाठी मधे रबरी चांदणी असलेलं बरं. मोटरचा शाफ्ट आणि स्क्रूचं टोक आत एकमेकांना टेकता कामा नये, दीड-दोन मिमी अंतर ठेवा.

प्ले शोधायची पद्धत

आता मुख्य भाग. टेबलावर डायल लावला, पुढे-मागे केलं आणि ०.१२ प्ले दिसला. हा आकडा बेरीज आहे. तिच्यात कोणकोण आहे ते एकेक वेगळं काढायचं.

पहिला संशय बेअरिंगवर घ्या. स्क्रूच्या मोकळ्या टोकाला सेंटर ड्रिलचं भोक असतं. त्यात ग्रीसचा ठिपका लावून एक छर्रा चिकटवा आणि डायलचं टोक त्या छर्‍यावर टेकवा. डायलचा बेस मशीनच्या त्याच भागावर ठेवा ज्यावर बीके बसवला आहे. आता दोन्ही हातांनी टेबल जोरात मागेपुढे ढकला. मोटर न फिरवता तिचा करंट चालू ठेवा, म्हणजे स्क्रू फिरणार नाही. काटा हलला तर स्क्रूच सरकतो आहे, म्हणजे बीकेची बेअरिंग किंवा लॉकनट. पृष्ठभाग सपाट असता तर स्क्रू जरासा फिरल्यावरही काटा हलला असता. गोल छर्‍यामुळे फक्त सरळ हालचाल दिसते. माझ्या पाहण्यात निम्म्याहून जास्त प्ले इथेच सापडतो.

मग ब्रॅकेट. डायलचा बेस सॅडलवर, टोक नटाच्या फ्लँजवर. टेबल ढकला. इथे हालचाल दिसली तर बोल्ट ढिले आहेत किंवा ब्रॅकेट पातळ असल्याने वाकतो आहे. ८ मिमीच्या पट्टीचा ब्रॅकेट डोळ्यांना मजबूत दिसतो, पण डायलवर तो वाकताना स्पष्ट दिसतो.

मग कपलिंग. दोन्ही भागांवर आणि दोन्ही शाफ्टवर मार्करने एक सरळ रेघ ओढा. दिवसभर काम करा, संध्याकाळी रेघ पाहा. तुटली असेल तर तिथे घसरतं आहे.

एवढं सगळं स्वच्छ निघालं, तरच नट. स्क्रू पकडून ठेवा, डायलचा बेस स्क्रूलाच बांधून टोक फ्लँजवर लावा आणि नट ओढून-ढकलून पाहा. नव्या सी७ जोडीत ०.०२ ते ०.०५ सापडू शकतं.

मोजताना डायल टेबलाच्या प्रवासाशी समांतर हवा. पाच अंश तिरपा असला तर १० मिमीत ०.०४ मिमी जास्त दाखवतो, आणि लोक तो दोष स्क्रूवर टाकून सॉफ्टवेअरमध्ये स्टेप्सचा आकडा बदलतात. तो आकडा हिशेबाने येतो. २०० स्टेपची मोटर, ८ चं मायक्रोस्टेपिंग (एका स्टेपचे आठ भाग), ५ मिमी लीड: १६०० भागिले ५, म्हणजे मिलिमीटरला ३२०. व्हर्नियरने मोजून तो ३१९.४ करू नका.

सॉफ्टवेअरमधली प्लेची भरपाई लिनक्ससीएनसीमध्ये आहे, मॅक ३ मध्ये आहे, मूळ जीआरबीएलमध्ये नाही. ती शेवटच्या दोन-तीन शतांश मिमीसाठी ठीक. त्यापेक्षा जास्त प्लेवर तिचा उपयोग होत नाही, कारण कटर जॉब आपल्याकडे खेचतो तेव्हा टेबल त्या मोकळ्या जागेत उडी घेतं आणि सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताही नसतो.

लक्षणावरून दोष

दोन्ही टोकांना जड आणि मध्ये हलकं चालत असेल, तर बहुधा नट ब्लॉकच्या रेषेत नाही. मध्ये स्क्रू लवचीक असतो म्हणून तो सोसून नेतो, टोकाजवळ सोसत नाही. मात्र जुन्या मशीनवर हेच लक्षण गिबमुळेही येतं. बेड वर्षानुवर्षं मध्येच वापरला गेलेला असतो, तिथे झिजलेला. मधल्या जागी गिब बरोबर केली की टोकांना आवळते. म्हणून नटाचे बोल्ट काढून टेबल हाताने सरकवा. तरीही टोकांना जड असेल तर दोष स्क्रूचा नाही.

फेरीला एकदा टक्क असा आवाज किंवा अडखळ येत असेल तर वाकलेलं टोक, तिरका बसलेला लॉकनट किंवा बेअरिंगमधला कचरा पाहा. फेरीशी न जुळणारी, अधूनमधून येणारी खरखर असेल तर नटात धूळ किंवा फुटलेला छर्रा.

जॉब मोजमापात चुकतो, पण कसा चुकतो हे पाहा. टेबल पन्नास वेळा पुढे-मागे पळवून परत शून्यावर आणा. प्ले असेल तर चूक दर वेळी तेवढीच राहते. चूक वाढत गेली तर स्टेप सुटताहेत किंवा कपलिंग घसरतं आहे. स्टेप सुटत असतील तर आधी वेग आणि ॲक्सेलरेशन कमी करा, मग जडपणा शोधा.

गोल बॉस (गोल उंचवटा) कापून पाहणं ही सर्वांत बोलकी चाचणी. ज्या चार जागी अक्ष दिशा बदलतात तिथे लहानशी पायरी किंवा सपाट भाग दिसला तर प्ले आहे. फक्त दोन समोरासमोरच्या जागी दिसला तर एकाच अक्षात आहे. गोलाऐवजी तिरका अंडाकार आला तर अक्षांचा काटकोन पाहा, तो स्क्रूचा विषय नाही.

नट उघडावाच लागला तर

१६०५ च्या नटात छर्‍यांचे चार वेगवेगळे फेरे असतात आणि प्रत्येकाची परतीची वाट वेगळी. कोणत्या फेऱ्यातून किती निघाले ते मोजा आणि लिहा. नट आणि छर्रे रॉकेलने धुवा, सुकवा. फेऱ्याच्या खाचेत ग्रीस लावून छर्रे एकेक करून चिमट्याने बसवा, नळी आत सरकवत. प्रत्येक फेऱ्यात एका छर्‍याएवढी जागा मोकळी राहू द्या, गच्च भरला तर फिरत नाही. दोन फेऱ्यांच्या मधल्या जागेत एकही छर्रा जाता कामा नये. तिथून परतीची वाट नाही, तो तिथेच अडकतो आणि नट जाम होतो.

प्ले घालवायला काही मायक्रॉन मोठे छर्रे घालतात. ते जमतं, पण सगळे एकाच मापाच्या डब्यातले हवेत. नव्यात दोन जुने मिसळले तर सगळा भार मोठ्यांवर येतो. सर्वांत लहान पायरीपासून सुरुवात करा. छर्‍याचा व्यास जरासा वाढला तरी अक्षाच्या दिशेतला प्ले त्याच्या दुपटीहून जास्त कमी होतो, त्यामुळे नट पटकन जड होतो.

झेड अक्ष आणि वीज

साधा लीडस्क्रू स्वतःला अडवून धरतो. बॉल स्क्रू धरत नाही. मिलचं डोकं २० किलोचं असेल तर ५ मिमी लीडच्या स्क्रूवर ते सुमारे ०.१४ न्यूटन मीटरचा पीळ देतं. नेमा २३ मोटरचा करंट गेल्यावर तिच्यात उरणारा अटकाव त्याहून बराच कमी असतो. म्हणजे वीज गेली की डोकं खाली येणार, फिरता कटर जॉबमध्ये घुसवत. आपल्याकडे वीज न सांगता जाते, म्हणून इथे हयगय नको. ब्रेक असलेली मोटर घ्या, किंवा गाडीच्या डिकीला असतो तसा गॅस स्प्रिंग डोक्याच्या वजनाच्या मापाचा लावा. काम करताना डोक्याखाली हात घालायचा असेल तर आधी लाकडी ठोकळा ठेवा, मोटर चालू असली तरी.

याच कारणाने, मशीन हातानेच चालवायचं असेल तर बॉल स्क्रू बसवू नका. कटर टेबलाला ओढून नेतो आणि हँडव्हील तुमच्या हातात फिरतं. लीडस्क्रूचा नट बदलून घ्या, तेवढ्याने काम भागतं.

वंगण आणि पावसाळा

नव्या स्क्रूवर जे तेल असतं ते गंज लागू नये म्हणून, ते वंगण नव्हे. पुसून काढा आणि फ्लँजच्या भोकातून लिथियम ग्रीस, एनएलजीआय २ नंबरची, भरा. ग्राफाइट किंवा मोलिब्डेनम असलेली काळी ग्रीस नको. छर्रे लोळायला हवेत, त्यात ते घसरू लागतात. ग्रीस भरताना नट हळूहळू पूर्ण लांबीवर फिरवा.

कास्ट आयर्न कापत असाल तर स्क्रू झाकल्याशिवाय सुरुवातच करू नका. त्याची काळी धूळ ग्रीसमध्ये मिसळली की घासायची पेस्टच तयार होते. रेक्झिनची घडीची धौंकणी कोणीही गादीवाला शिवून देतो. एअर गनने स्क्रूवर हवा मारू नका, कापलेला बर नटाच्या तोंडावरच्या वायपरच्या आत जातो. ब्रशने झाडा आणि तेलाच्या फडक्याने पुसा.

जून ते सप्टेंबर मशीन बंद राहणार असेल तर आठवड्यातून एकदा टेबल टोकापासून टोकापर्यंत न्या आणि नट दर वेळी वेगळ्या जागी सोडा. नट एकाच जागी राहिला की छर्रे टेकलेल्या जागांवर दमटपणाने बारीक डाग पडतात. पुढे नट त्या जागेवरून जाताना प्रत्येक वेळी तुमच्या बोटांना ते डाग जाणवतील.